काळ्या मातीच्या नव्या तुकड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर काय पेरावे

इंदूरच्या नव्या वसाहतींत घराशेजारचा रिकामा प्लॉट दोन-चार वर्षांसाठी भाजीपाल्याला मिळणे आता तितकेसे दुर्मीळ राहिलेले नाही. कोणाचे बांधकाम रखडलेले असते, कोणाचा मुलगा परदेशी असतो, आणि तेथे गाजरगवत माजण्यापेक्षा कोणी भेंडी लावली तर मालकालाही ते बरेच वाटते. असा तुकडा हाती आला आणि महिना फाल्गुन असला, तर पहिल्या उत्साहात बहुतेक जण एकच चूक करतात: सगळी जागा खणून सगळी पेरून टाकतात. माझे सांगणे याच्या नेमके उलट आहे. पहिल्या उन्हाळ्यात जागेचा फक्त तिसरा हिस्सा पेरावा आणि उरलेले दोन हिस्से पावसाळ्यासाठी तयार करण्यात घालवावेत.

यामागचे कारण पाण्याचे आहे आणि ते हिशेबानेच पटते. समजा, जागा २० फूट रुंद आणि ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फूट आहे. एप्रिल-मे महिन्यांत पिकाने झाकलेल्या एका चौरस मीटर जमिनीतून दिवसाला साधारण सहा-सात लिटर पाणी उडून जाते. या दराने सगळी जागा जगवायला रोज साडेतीनशे लिटरांच्या वर पाणी लागेल. तिसरा हिस्सा, म्हणजे २०० चौरस फूट, मात्र सुमारे १२० लिटरांत भागतो. घरातले भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी आणि बोरिंगचे थोडे पाणी मिळून एवढी सोय होऊ शकते. नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून उपसून घाट चढवून या साडेपाचशे मीटर उंचीच्या शहरात आणलेले असते, ते शुद्ध केलेले असते आणि तेही रोज येतेच असे नाही. ते वाफ्यात सोडणे मला तरी बरोबर वाटत नाही. शिवाय मे महिन्यात बोरिंग आटले, तर २०० फुटांची भाजी बादलीने वाचवता येते, ६०० फुटांची वाचवता येत नाही.

आता माती. माळव्याची काळी माती सुपीक आहे यात शंका नाही, पण ती मनमानी स्वभावाची आहे. ओली असताना बुटाला किलोभर चिकटते, वाळली की दगड होते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की त्यांत हाताची बोटे सहज जावीत. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून हे होते. अशा मातीत काम करण्याची वेळ ठरलेली असते आणि तिला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, वाफसा. पाणी दिल्यानंतर तीन-चार दिवसांनी चार इंच खोलीवरची मूठभर माती घ्यावी, दाबून लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. लाडू आपटून पसरट झाला तर माती अजून ओली आहे. वळलाच नाही तर उशीर झाला. खाली पडून तीन-चार तुकड्यांत फुटला तर त्याच दिवशी कुदळ हातात घ्यावी. मी पहिल्या वर्षी ही परीक्षा केली नव्हती. आदल्या दिवशी भरपूर पाणी सोडून दुसऱ्या दिवशी खणले, आणि आठवड्याने त्या ढेकळांच्या अक्षरशः विटा झाल्या. पाऊस पडेपर्यंत त्या फुटल्या नाहीत, आणि त्या वर्षीची गवार विटांच्या फटींतूनच उगवली.

वसाहतीतल्या प्लॉटवर आणखी एक अडचण असते, ती मलब्याची. शेजारच्या बांधकामाचे सिमेंट, चुना आणि विटांचे तुकडे बहुधा याच रिकाम्या जागेत पडलेले असतात. पेरायचा तिसरा हिस्सा निवडताना आधी चार ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेऊन पाहावे आणि जेथे स्वच्छ काळी माती लागेल तेथेच वाफे आखावेत. आपली काळी माती मुळातच किंचित क्षारीय, चुनखडीची असते. त्यात सिमेंटचा चुरा मिसळला की झाडांना लोह घेता येत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. याच कारणाने चुलीची राख वाफ्यांत ओतण्याची जुनी सवय येथे आवरती घ्यावी.

वाफ्यांवर चांगले कुजलेले शेणखत दोन इंच जाडीने पसरून वरच्या सहा इंचांत मिसळावे. २०० चौरस फुटांना सुमारे ३३ घनफूट खत लागते. ओले किंवा अर्धे कच्चे शेण स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्याबरोबर हुमणी आणि वाळवी घरी येते.

पेरणीचा काळ थोडक्यात असा सांगता येईल: होळीच्या सुमारास वाफे तयार असावेत आणि राजवाड्यावरून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत बी जमिनीत पडलेले असावे. फार झाले तर गुढीपाडवा. त्याहून आधी घाई करण्यात लाभ नाही. माळव्याच्या रात्री मार्चमध्येही गार असतात. शब-ए-मालवाचे कौतुक आपण अंगणात बसून करतो, पण भेंडीचे बी त्याच गारव्यात जमिनीत कुजते. पाडव्यानंतर पेरले तर रोप लहान असतानाच चाळिशीच्या उन्हात सापडते. मार्चमध्ये रुजलेले झाड मेच्या झळा सोसते, कारण तोवर त्याचे मूळ खाली ओलीपर्यंत गेलेले असते.

उन्हाळ्याची खरी राणी भेंडीच. चार माणसांच्या घराला तीस-पस्तीस झाडे पुरतात. बी रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी फडक्यावर कोरडे करून तासाभरात टोकावे. दोन ओळींत दीड फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर ठेवावे. पावसाळ्यात झाडे अधिक वाढतात म्हणून अंतर जास्त लागते, उन्हाळ्यात थोडी दाटी चालते आणि तिने मातीवर सावलीही राहते. प्रत्येक ठिकाणी दोन बिया पाऊण इंच खोल टाकाव्यात आणि रोपे चार पानांची झाली की त्यांतले अशक्त रोप उपटून न काढता कात्रीने कापावे, म्हणजे शेजारच्याचे मूळ हलत नाही. गेल्या वर्षीचे उरलेले बी असेल तर पेरणीच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सातांहून कमी रुजल्या तर नवे बी आणावे. एका दुकानाने मला कधीतरी इतके जुने पाकीट दिले होते, की चाळीस बियांतून नऊ रोपे आली आणि त्या चौकशीत मार्चचे दोन आठवडे गेले. तेव्हापासून पाकिटावरची तारीख मी चष्मा लावून वाचतो.

भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणुरोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती आणि बंगळुरूची अर्का अनामिका हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच काढलेले आहेत. तरीही एखादे झाड पिवळे दिसले, तर ते दया न दाखवता उपटून प्लॉटबाहेर टाकावे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पानाच्या मागे बारीक लाल कोळी होतात, त्यासाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारणे पुरेसे असते. पेरणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडणी सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावेच लागते. मंडीत आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो आणि भाजीवाली रागावते, ती परीक्षा आपल्या वाफ्यात मात्र खुशाल करावी: टोक कट्कन मोडले तर ठीक, वाकले तर ती भेंडी दोन दिवस उशिरा तोडली आहे. झाडावर दोन-चार भेंड्या जरठ होऊ दिल्या की नवी फुले येणे मंदावते.

गवार आणि चवळी यांच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण त्या फार मागतही नाहीत. दोन्ही शेंगवर्गातल्या असल्यामुळे हवेतला नत्र आपल्या मुळांच्या गाठींत साठवतात, त्यामुळे त्यांना जादा खत देऊ नये. दिले तर पाला माजतो आणि शेंगा रुसतात. गवारीत पुसा नवबहार हा न फुटणारा, एकाच खोडाचा वाण लहान जागेत सोयीचा पडतो. चवळीची पुसा कोमल बुटकी असते आणि तिला आधार लागत नाही. प्लॉटचा जो कोपरा पाण्याच्या नळापासून सर्वांत दूर आहे तो गवारीला द्यावा.

वेलांचे मात्र तसे नाही. त्यांना जागा विचारपूर्वक द्यावी लागते, कारण उन्हाळ्यात वेल दोन कामे करतो, फळ देतो आणि सावलीही देतो. आपल्याकडे एप्रिलपासून दुपारी पश्चिमेकडून लू वाहते. म्हणून प्लॉटच्या पश्चिम कडेला बांबूची सहा फूट उंच ताटी बांधावी आणि तिच्यावर दोडका व कारले चढवावे; मधोमध चार बल्ल्यांचा छोटा मांडव घालून त्यावर दुधी सोडावा. बियाण्याच्या दुकानात मात्र दुधीला लौकी, दोडक्याला तुरई आणि घोसाळ्याला गिलकी म्हणावे, नाहीतर दुकानदार आपल्याकडे नुसता पाहत राहतो; घरात आम्हीही आता गिलकीच म्हणतो आणि पुण्याच्या पाहुण्यांना ते दर वेळी समजावून सांगतो.

प्रत्येक वेलासाठी दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन तो अर्धी माती आणि अर्धे कुजलेले खत यांनी भरावा, भोवती आळे करावे आणि तीन बिया लावून शेवटी एकच वेल ठेवावा. कारल्याचे कवच टणक असते, ते बी चोवीस तास भिजवावे. दुधीचे दोन वेल एका घराला पुरून उरतात. चार लावणारा माणूस जूनमध्ये शेजाऱ्यांना चुकवत फिरतो.

वेलाला पहिली फुले येतात ती सगळी नर असतात आणि ती गळून पडतात. याने घाबरून खत किंवा औषध घालू नये. मादी फूल ओळखणे सोपे आहे: फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवलेसे दुधी किंवा दोडके आधीच लागलेले असते. हे पिल्लू पिवळे पडून गळत असेल तर परागण झालेले नाही असे समजावे. नव्या वसाहतीत आजूबाजूला फुलझाडे नसली की मधमाश्या कमी येतात आणि हे काम आपल्याला करावे लागते. त्यासाठी फुले उमलण्याची वेळ माहीत हवी. दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. घोसाळे, कारले, काकडी आणि लाल भोपळा यांची भल्या पहाटे. त्या त्या वेळी ताजे नर फूल देठासकट तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला परागकोश मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच दोन-तीन वेळा फिरवावा. आमच्या गल्लीत संध्याकाळी सहाला हा कार्यक्रम पाहायला मुले जमतात. तीन-चार दिवसांत ते पिल्लू देठापासून किंचित खाली वाकून फुगू लागले, की काम झाले. दोडका, कारले आणि काकडी यांना पुढे फळमाशी डंख करते. फळ बोटाएवढे असतानाच त्याला वर्तमानपत्राची सैल पिशवी बांधली तर औषधाची गरज बहुधा पडत नाही. डंखलेली फळे वाफ्यात पडू देऊ नयेत, कारण आतली अळी मातीत शिरून पुढची पिढी तयार करते.

पालेभाज्यांत उन्हाला खरी तोंड देते ती तांदुळजा आणि लाल माठ. बी अगदी बारीक असते, म्हणून चौपट वाळूत मिसळून ओळीत टाकावे, वर मातीचा केवळ चिमूटभर थर द्यावा, आणि दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरत जावे. पंचवीस-तीस दिवसांत कापणी होते. कोथिंबिरीशिवाय ज्यांचे पोहे अडतात, आणि इंदुरात ते सर्वांचेच अडतात, त्यांनी धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकांत फोडावेत आणि दुधीच्या मांडवाखालच्या सावलीत पेरावेत. ती महिनाभराने फुलावर येऊ लागते, म्हणून मुळासकट उपटून वापरावी. पुदिन्याच्या काड्या नळाच्या ओलीत खोचल्या की पुढे त्याला आवरणे हेच काम उरते. मेथी आणि पालक यांचा नाद या दिवसांत सोडावा.

टोमॅटोचाही सोडावा, हे जरा ठासून सांगतो. मार्चमध्ये रोपवाटिकांत टोमॅटोची टवटवीत रोपे विकायला असतात आणि नवा माणूस ती हमखास घेतो. परंतु दिवसाचे तापमान पस्तिशीच्या पुढे राहू लागले की परागकण निकामी होतात, फुले गळतात आणि आपण नुसत्या पाल्याला पाणी घालत राहतो. वांगी आणि मिरचीही मार्चअखेर लावली तर पावसापर्यंत जेमतेम जीव धरतात. या तिघांचे बी मेच्या मध्यावर कुंडीत किंवा सावलीतल्या गादीवाफ्यावर टाकावे, म्हणजे मृगाच्या पावसात लावायला चार-पाच आठवड्यांची रोपे तयार असतात.

पाणी रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय येथे मोडावी लागते. काळी माती पाणी धरून ठेवते. वेलांना तीन-चार दिवसांनी पण आळे भरून, आणि भेंडीला दोन दिवसांआड, पहाटे पाणी द्यावे. वरची माती कोरडी दिसली तरी दोन इंच बोट खुपसून आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. भर दुपारी दुधीची पाने मान टाकतात, ते पाणी मागत नसून उन्हाला पाठ दाखवत असतात. संध्याकाळी ती सावरली नाहीत तरच काळजी करावी. वेलाच्या आळ्यात एक बिनरंगाचे, कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे आणि तोंडावर खापरी झाकावी. त्याच्या अंगातून पाझरणारी ओल मुळे स्वतःच शोधून काढतात, आणि दोन दिवस गावाला जायचे असले तरी जिवाला घोर राहत नाही. गळके म्हणून बाजूला टाकलेले जुने मडकेही चालते, मात्र ते पाझरणारे हवे, वाहणारे नको.

मडक्याइतकेच महत्त्व आच्छादनाला आहे. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात गहू निघतो आणि भुसा, काड मुबलक मिळते. नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले काड, जाळण्याऐवजी कोणी ती देत असेल तर दोन पोती आणावीत. लिंब-पिंपळाची पानगळही याच दिवसांत होते. रोपे वीतभर झाली की तीन-चार इंच थर पसरावा, फक्त खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर कोरड्या काडाच्या आसऱ्याने वाळवी थेट खोडाला लागते. आच्छादनाखाली भेगा पडत नाहीत, आणि भेगा पडल्या नाहीत की मुळे तुटत नाहीत.

आता न पेरलेले दोन हिस्से. त्यांतल्या एकात हराळी आणि लव्हाळा असणारच. वाफशावर खोल खणून हराळीच्या कांड्या वेचाव्यात, माती ओलवावी आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीने दाबून एप्रिल-मेचे पाच-सहा आठवडे तसाच ठेवावा. काळा कागद येथे उपयोगाचा नाही. ऊन आत शिरून माती तापायला हवी. तणांचे बी आणि मुळकुजीची बुरशी याने बरीच मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र पुरत्या मरत नाहीत, त्या पुढेही खणूनच काढाव्या लागतात.

दुसऱ्या हिस्स्यात खताचा ढीग लावावा. खत करण्याची जी पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते, ती याच शहरात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरात, अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात बसवली, आणि १९३१ साली तिची माहिती देणारे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले. घरगुती प्रमाणात तिचे सार असे: पालापाचोळा, काड आणि तण यांचा वीतभर थर, त्यावर पाण्यात कालवलेल्या शेणाचा पातळ थर, त्यावर मूठ-दोन मूठ माती आणि चिमूटभर राख, असे करत कमरेपर्यंत ढीग रचावा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा. मग साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पुढे महिन्या-सव्वा महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशा तीन पलट्या द्याव्यात. दर वेळी बाहेरचे आत आणि आतले बाहेर यावे. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला तर तो चटका बसून मागे यावा. तसे झाले नाही तर ओल किंवा शेण कमी पडले आहे. होळीला लावलेला ढीग तीन महिन्यांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर वापरता येतो.

याच हिस्स्यात मेमध्ये लिंबू, कढीपत्ता आणि सुरजना, म्हणजे आपला शेवगा, यांचे दोन-दोन फुटी खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. झाडे लावायची ती पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर. भुट्ट्याचे बीही जूनच्या मध्यावर पाऊस लागला की टोकावे. एप्रिलच्या झळीत मक्याचे पराग वाळतात आणि कणीस दातपडके निघते, त्याचा कीस करायचा म्हटले तर किसणीला फक्त बुरखुंडच लागते.

एक वस्तू मात्र मेच्या अखेरीस कोरड्या मातीतच लावावी, ती म्हणजे गराडू. कोनफळाच्या जातकुळीतला हा कंद थंडीत सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळून, वर मसाला भुरभुरून मिळतो, आणि तो आपल्या मातीत उत्तम येतो. कंदाचे साल असलेले दीडशे-दोनशे ग्रॅमचे तुकडे कापून, कापलेल्या बाजूला राख चोळून एक दिवस सावलीत सुकवावेत. कापताना हाताला तेल लावावे, कच्चा गराडू खाजतो. मऊ केलेल्या मातीच्या उंचवट्यावर चार बोटे खोल लावून वर भरपूर पाचोळा घालावा आणि पश्चिमेच्या ताटीशी जागा द्यावी, कारण दोडका आटोपला की तीच ताटी याच्या वेलाला कामी येते. कंद पोसायला आठ-नऊ महिने लागतात. वेल पिवळा पडून वाळू लागेपर्यंत खणू नये, आणि खणताना कुदळ वेलाच्या बुडापासून दीड फूट दूर मारावी.